शब्द देणारा माणूस

नाशिक रोड,
१० डिसेंबर १९७८

सौ. विमल हीस,

जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, मोहरीचा डबा सापडत नाही.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र? तर एवढ्यासाठी नाही. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी, आणि सकाळी फोडणी देताना तीच अडचण समोर आली. हळदीशेजारी पाहिलं, पिठाच्या डब्यामागे पाहिलं. शेवटी वाटी घेऊन शेजारी सुलाबाईंकडे गेलो. मोहरी देताना त्यांनी विचारलं, "विमल कधी यायचीय?" मी म्हटलं, "कांद्याची लागवड आटोपली की." त्या म्हणाल्या, "बरं." त्यांचं ते 'बरं' मला काही बरं वाटलं नाही.

सहादूदादांच्या शेतात माणसं मिळत नाहीत, म्हणून माहेरी सायखेड्याला जाते, असं तू नाट्यस्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालीस. मी कुठं अडवलं? उलट तुझं वाक्य मीच पुरं केलं, "आणि लागवड झाली की येशील." तू मान हलवलीस. आता आठवून बघतो तर ती मान होकाराची होती की नुसती हलली, ते सांगता येत नाही. लागवड एवढी लांबते का गं?

तू रागावली असशील तर कशावर, हेच माझ्या ध्यानात येत नाही. बक्षीस दुसरं आलं म्हणून? कामगारांच्या स्पर्धेत आपल्या कॉलनीच्या मंडळाला दुसरं बक्षीस, हे काय थोडं झालं? आणि परीक्षक सगळ्यांदेखत जे म्हणाले, की या नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज सर्वांत स्पष्ट होता, ते मला म्हणाले. लोक हसले ते मला हसले. मी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे थोडं घेतलं, पण ते माझं मी बघेन.

आता त्या जागेचं. पुस्तकात सरळ लिहिलंय. शेवटच्या प्रवेशात भिकन नवऱ्याच्या भूमिकेत विचारतो, "काय हवंय तुला?" तू म्हणायचं, "माझा हंडा द्या." हंडा कमरेवर, आणि पलीकडच्या विंगेतून बाहेर. मध्ये काहीसुद्धा नाही. पण त्या दिवशी तू थांबलीस. मी आधी दबक्या आवाजात शब्द दिला. तू घेतला नाहीस. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा जरा जोरात गेला, कारण माझाच जीव वर आला होता. खाली हशा झाला. मग तू वाक्य बोललीस, पण शेजारून उसनं आणल्यासारखं बोललीस.

घरी येताना तू एवढंच म्हणालीस, "मी विसरले नव्हते." मी विचारलं, "मग थांबलीस कशाला?" आणि तू काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "एवढे लोक बघून घाबरली असशील." मी तुझी समजूत घालत होतो. त्यात तुला काय टोचलं असेल, तर मला समजत नाही.

शब्द देणं हे माझं काम आहे, विमल. लोकांना वाटतं, विंगेत स्टुलावर पुस्तक धरून बसायला अक्कल कशाला लागते. मंडळातल्या प्रत्येकाचं वाक्य मला पाठ असतं. कोण कुठं अडखळणार, ते त्याच्या आधी मला कळतं. मी नसतो तर मागच्या वर्षी भिकन दुसऱ्या अंकातून थेट चौथ्यात गेला असता, आणि नाटक तर तीनच अंकी होतं. तोंडाला रंग लावणाऱ्यांचे फोटो निघतात. आपला निघत नाही, आणि आपली तक्रारही नाही.

तुला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून सोबत माझा पत्ता घालून कार्ड ठेवलंय. मजकूरही मीच लिहिलाय: 'जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, मी खुशाल आहे. राग गेला आहे. ...वारी दुपारच्या गाडीने येते.' वार तेवढा तू घाल.

तुझा,
मल्हारी

नाशिक रोड,
२१ जानेवारी १९७९

सौ. विमल हीस,

जयभीम. कार्ड मिळालं. म्हणजे नेमकं काय मिळालं, ते विचारायला हे पत्र.

माझा सगळा मजकूर तू खोडला आहेस. तोही रागारागाने नाही, पट्टी लावून, नीट. 'मी खुशाल आहे' खोडलंस, म्हणून आधी वाटलं, आजारी आहेस. 'राग गेला आहे' खोडलंस, ते एक वेळ समजू शकतो. वाराची मोकळी जागासुद्धा खोडलीस! ठेवलंस काय, तर 'पत्र लिहिण्यास कारण की'. आणि पुढे कोरं. अगं, कारण की काय?

पेनातली शाई संपली का? की पोस्टमन दारात उभा होता? मी कार्ड खिशात घालून कामावर, जकात नाक्यावर नेलं. खिडकीत बसून त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने चारपाच मजकूर लिहून पाहिले, कुठला बसतो ते. 'कारण की माझी तब्येत बरी नाही.' 'कारण की दादा सोडत नाहीत.' एकही तुझ्या तोंडी बसेना. खोडरबराने पुसत गेलो, तर आता तिथं कार्ड काळपट झालंय आणि एका जागी विरलंय.

सुलाबाईंना दाखवलं. त्या आधी एवढ्या हसल्या की उंबऱ्यावर बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अहो भाऊ, तेवढी जागा तरी तिची तिला ठेवायची!" मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाल्या, "ते तिला विचारा." मी काय वेगळं करतोय? विचारतोच आहे.

तुला चारचौघांत बोलायला जमत नाही, हे मी लग्नापासून ओळखून आहे. म्हणून तर दुकानात, तुझ्या माहेरच्यांत, सगळीकडे मी पुढे होतो. डॉक्टरांनी तुला विचारलं, "काय होतंय?" तर तू चाचरत होतीस. मीच सांगितलं, डोकं दुखतं आणि भूक लागत नाही. औषधही मिळालं. गुण का आला नाही, ते माहीत नाही.

चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात आपल्या मैदानावर नाटकाचा पुन्हा प्रयोग ठरलाय. नाटक भिकनच बसवतोय, आणि तुझ्या जागी त्याने शकुबाईला घेतलंय. फार गुणी बाई. मी शब्द टाकला की लगेच उचलते. मला वाटलं, भिकन खूश होईल. तर काल तालमीत तो पुस्तक आपटून ओरडला, "अरे मल्ल्या, ही नाटक करतेय का रेडिओ लावलाय? तू बोलतो, ती बोलते. एक काम कर ना, लुगडं नेस आणि तूच उभा राहा!" शकुबाई रडायला लागली. मी काय चुकलो, ते मला कळलं नाही.

चहा पिताना तो थोडा निवळला. म्हणाला, "तुला एक सांगू का? विसरलेल्या माणसाचे डोळे आधी विंगेकडे येतात. स्पर्धेच्या दिवशी विमलवहिनीचे डोळे माझ्यावर होते. मी समोर होतो ना, मी पाहिलं." मी म्हटलं, "मग तिसऱ्यांदा तरी हात करून मला थांबवायचं." तो म्हणाला, "मी नवऱ्याचं काम करत होतो, वाहतूक पोलिसाचं नाही."

आता यातून काय घ्यायचं? विसरली नव्हतीस, घाबरली नव्हतीस, तर मग त्या वेळात तू करत काय होतीस?

आणखी एक. परवा सहादूदादा कांद्याची गाडी घेऊन नाक्यावर आले. मी सवयीने म्हटलं, "कांदा ना?" आणि मान वर केली तर दादा. म्हटलं, विमल कशी आहे? म्हणाले, "बरी हाय की. लय बोलती आता."

"कोण? आपली विमल?"

"तीच. सांच्याला नदीवर बाया बसत्यात, तिथं नाटक करून दावती. समद्यांची सोंगं घेती. तुमचं बी घेती, दाजी."

मी म्हटलं, "मी तर नाटकात नसतोच."

"त्येच तर! तोंडावर हात धरून बसती आन् दुसऱ्या बाईला बोलूच देत नाय. बाया हसून हसून लोळत्यात."

मागची गाडी हॉर्न देत होती, म्हणून पुढचं विचारता आलं नाही. विमल, तू बोलतेस? एवढं? आणि ते मला सायखेड्याच्या कांद्याच्या गाडीकडून कळावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मल्हारी

नाशिक रोड,
२६ फेब्रुवारी १९७९

सौ. विमल हीस,

जयभीम. काल मी सायखेड्याला येऊन गेलो, हे तुला माहीतच आहे. तरी लिहितो, कारण काय झालं ते लिहून तरी उलगडतंय का, ते बघायचंय.

येताना गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. मी हे म्हणेन, तू ते म्हणशील, त्यावर मी असं म्हणेन. तू पाणी दिलंस. तुझा चेहरा भरलाय, रंग उजळलाय. मी म्हटलं, "इथलं पाणी मानवलंय." मग कॉलनीतल्या बातम्या सांगितल्या, शकुबाईचं सांगितलं, नळ गळतोय ते सांगितलं. तू म्हणशील म्हणून जुळवलेलं होतं, तेही तू म्हणेनास म्हणून मीच म्हटलं आणि मीच उत्तर दिलं. मध्येच दादा तंबाखू मळत उठून ओट्यावर गेले. तुझी आई भिंतीकडे बघून हसत होती, असं मला वाटलं.

मग तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मला..."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "यायचंय ना? मग आवर, साडेचारची गाडी आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि आत निघून गेलीस. आत तांब्या पडल्याचा आवाज आला. मी बराच वेळ बसलो. दादा आत डोकावून आले आणि म्हणाले, "दाजी, आज ऱ्हाऊ द्या."

आता पुढचं ऐक. स्टँडवर गाडी लागली होती. मी चढलो, बसलो, आणि गाडी हलली तशी माझी तगमग सुरू झाली. वाटलं, उतरावं. परत जावं आणि विचारावं, की 'मला' म्हणजे काय? मला यायचं नाही? मला राग आलाय? मला काय? कंडक्टर आला. मी तोंड उघडलं, "मला..." आणि तो म्हणाला, "नाशिक रोड." टिक टिक करून तिकीट हातात ठेवून पुढे गेलासुद्धा.

मी त्याला हाक मारली. म्हटलं, "अहो, मी काय म्हणणार होतो, ते ऐकायचं तरी!" तो म्हणाला, "काय म्हणणार होता?" आणि विमल, सगळी गाडी माझ्याकडे बघत असताना मला ते आठवेना. उतरायचंय, एवढं साधं. पण ते गेलं. माझ्या तोंडात त्याचंच 'नाशिक रोड' येऊन बसलं होतं. मी खाली बसलो आणि चांदोरी येईपर्यंत त्या माणसाचा मनातल्या मनात उद्धार केला. काय अधिकार आहे याला? माणूस शब्द जुळवत असतो, तेवढा दम नाही? चांदोरीला चहा प्यायला उतरलो तर कप हातात तसाच राहिला.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. नाक्यावर एका ड्रायव्हरला 'काय माल आहे' एवढंच विचारलं आणि गप्प बसलो, तर तोच घाबरला. म्हणाला, "साहेब, काही चुकलं का?"

मला कळतंय आणि कळत नाही, असं झालंय. तू येणार आहेस की नाहीस, एवढं तरी कळव. यावेळी कार्डावर मजकूर लिहिलेला नाही. फक्त 'येते' आणि 'येत नाही' असं दोन्ही लिहिलंय, नको ते खोड.

मल्हारी

ता. क. पत्र डकवल्यावर सुलाबाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणून पुन्हा उघडून कार्ड काढून घेतलं आहे.

नाशिक रोड,
१६ एप्रिल १९७९

विमल,

जयभीम. तू 'पत्र टाका, पण लहान' म्हणालीस. लहान लिहायला बसलो आहे, जमेल तेवढं.

शकुबाई मुलीच्या बाळंतपणाला मनमाडला गेली आणि भिकन तुला आणायला सायखेड्याला गेला, तेव्हा मी त्याला बजावलं होतं, माझं काही निघालं तर नीट ऐकून ये. तो आला आणि म्हणाला, "तुझं काही निघालं नाही." मी विचारलं, शब्द द्यायला कोण बसणार? तर म्हणाला, "ती म्हणाली, ते बसले तर बसू द्या." या वाक्याचा अर्थ लावण्यात माझे तालमीचे सगळे दिवस गेले. तू सुलाबाईंकडे उतरलीस, घराच्या भिंतीपलीकडे. तिथून तुझा हसण्याचा आवाज यायचा. मी आपला या बाजूला भिंतीला टेकून.

परवा तू रंगमंचावर गेलीस आणि मी स्टुलावर बसलो. भिकनने विचारलं, "काय हवंय तुला?" आणि तू थांबलीस.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'माझा हंडा द्या.' दातांपर्यंत आलं. मी पुस्तकाची कड तोंडात धरली आणि चावली. मैदान चिडीचूप झालं. लाऊडस्पीकर घरघरत होता. कुणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याला गप्प केलं. मला वाटलं, आता लोक हसणार, आता शिट्टी येणार. आणि मग मी पहिल्यांदा पुस्तकातून मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मी तुझी वाक्यं बघत आलो, तुला बोलताना पाहिलंच नव्हतं. तुझे डोळे विंगेकडे नव्हते. तू खरोखर विचार करत होतीस.

मग तू म्हणालीस, "थांबा. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

हे पुस्तकात नाही. भिकनला पुढे काय बोलायचं ते सुचेना, आणि त्याचे डोळे आले की माझ्याकडे! मी काय देऊ? माझ्याकडे शब्दच नव्हता. मी दोन्ही हात वर केले. तो तसाच तोंड उघडं टाकून उभा, आणि लोकांना वाटलं काय अभिनय आहे! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावत होत्या. मग तू सावकाश म्हणालीस, "माझा हंडा द्या." कमरेवर घेतलास, आणि पलीकडच्या विंगेत जायचं सोडून माझ्या विंगेत आलीस.

टाळ्या वाजत होत्या. तू माझ्यासमोर उभी होतीस, धापा टाकत. माझ्याकडे बोलण्यासारखं इतकं होतं की विचारू नकोस. मी गप्प राहिलो. मला रडू येत होतं, तेही मी तसंच राहू दिलं. तू हंडा माझ्या हातात दिलास, पत्राचं म्हणालीस, आणि काल सकाळी दादांबरोबर गेलीसही. हंडा घरी आणलाय. मंडळाचा आहे, परत द्यायचाय.

'कुणी विचारलं नव्हतं' हे वाक्य नाटकातल्या नवऱ्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. सुलाबाईंना माहीत आहे असं दिसतं, पण मी विचारलं नाही. आधी मला सगळं कळायचं. आता सकाळी चहात साखर किती घालायची, तिथपासून गोंधळ आहे. तू परत येशील की नाही, याची मला धास्ती वाटते. घर खायला उठतं. पण ते मी पत्रात पुढे वाढवत नाही, नाहीतर तुझ्या वतीनेही मीच लिहीन.

पत्र लिहिण्यास कारण की, एक विचारायचं राहून गेलंय. तुला काय हवंय?

सोबत कार्ड आहे. त्यावर फक्त माझा पत्ता आहे. तोही लिहू नये असं मनात होतं, पण सुलाबाई म्हणाल्या, "मग पोस्टमन काय भविष्य बघणार?" उत्तराची घाई नाही. आजवर सगळ्यांना शब्द देत आलो, तुलाही एक देतो, की मध्ये शब्द देणार नाही.

मल्हारी

सायखेडा,
२ मे

जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, काय हवंय ते अजून ठरलेलं नाही. विचार करते आहे. कुणी मध्ये बोललं नाही तर मला बरंच सुचतं, हे इथं आल्यावर समजलं. डोकं दुखत नव्हतं तेव्हा, डॉक्टरांना मला वेगळंच सांगायचं होतं. तेही सांगेन. ऐकायला वेळ लागेल.

रविवारी येते. कुठल्या गाडीने ते कळवत नाही. स्टँडवर येऊ नका, वाट मला माहीत आहे.

विमल

ता. क. मोहरी साबणाच्या जुन्या डब्यात आहे. तुम्ही विचारलंत, पण उत्तराला थांबला नाहीत.